काडिझला उतरलेला माणूस

"बाळंतपणं काय भिवंडीत होत नाहीत?" फकिरमहमद म्हणाले. "पोरीला इकडं बोलवा. आई तिकडं जाणार नाय."

"सातवा लागलाय तिला. आता विमानात कोण बसू देईल?" हाजराबी भात वाढत होती आणि वाढता वाढता भांडत होती. "आणि बाळंतपणाला आई नाय जायची, तर काय मोठा चुलता जाणार हाय?"

"थंडी असते तिकडं."

"परवा म्हणालात, लोक काय म्हणतील. काल व्हिसाचं म्हणत होता. आज थंडी."

भांडणाचा हा तिसरा दिवस होता. निजामपुऱ्यातल्या त्या घरात खाली बारा लूम चालायचे आणि वर माणसं राहायची, त्यामुळे साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. कोण रागावलंय ते आवाजावरून कळत नसे, हाताकडे बघावं लागे. फकिरमहमदचा हात ताटात थांबला होता.

रशिदा, त्यांची धाकटी भावजय, स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावरची ओढणी सारखी करत उभी होती. भांडण तिच्यावरूनच चाललं होतं, पण तीन दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनंही तोंड उघडलं नव्हतं. एकोणीस वर्षं ती या जेठाच्या आधारानं राहत होती. तिच्या मुलीचं, नबीलाचं, शिक्षण त्यांनी केलं, लग्न त्यांनी लावून दिलं. पाठवणीच्या वेळी रडले तेही तेच. अशा माणसापुढं उलटून बोलायची तिला सवय नव्हती.

नबीलाचा नवरा शादाब जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी दोन बंदरांतून एक निवडायला सांगितलं, एक ग्रीसमधलं आणि एक स्पेनमधलं. निवड नबीलानं केली. फोनवर आईला तिनं फक्त गावाचं नाव सांगितलं, काडिझ. घरात मात्र ते नाव तीन दिवसांत कोणी उच्चारलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी नबीलाचा बाप अब्दुर्रहमान, फकिरमहमदचा सख्खा धाकटा भाऊ, जहाज सोडून त्याच गावात उतरला होता.

"मला हजला नाय नेलंत," हाजराबी म्हणत होती. "दर साली, पुढल्या साली जाऊ. पासपोर्टचं नाव काढलं की तुमच्या पोटात दुखतं. आता हिचा तरी अडवू नका."

फकिरमहमदनी वर बघितलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ रशिदालाच विचारलं, "त्या गावात तुझं काय आहे?"

"माझी मुलगी आहे, भाईजान," रशिदा म्हणाली. मग म्हणाली, "आणि नवरा आहे. असला तर."

ते अर्ध्या जेवणावरून उठले. कागदपत्रं जावयानं तिकडून पाठवली. फकिरमहमदनी सही करणार नाही असं म्हटलं नाही आणि केलीही नाही. त्यांच्या सहीची मुळात गरजच नव्हती, हे दोन दिवसांनी सगळ्यांच्या लक्षात आलं.

रशिदा कल्याणची. अठराव्या वर्षी लग्न होऊन निजामपुऱ्यात आली, तेव्हा अब्दुर्रहमान घरच्याच लूमवर होता आणि लूमचा त्याला मनापासून तिटकारा होता. सोळा वर्षांचा असताना पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटली होती. हात दाखवत तो म्हणायचा, या मशीननं माझं अर्धं बोट खाल्लंय, उरलेला माणूस मी त्याला देणार नाही. त्याला जहाजावर जायचं होतं. कोकणी मुसलमानांच्या त्या गल्लीत घरटी एक माणूस जहाजावर असायचा. कोणी खलाशी, कोणी जेवण रांधणारा भंडारी, कोणी इंजिनात तेलपाणी करणारा. फकिरमहमददेखील तरुणपणी दोन फेऱ्या करून आले होते, पण त्यांना बोट लागायची. दोन्ही फेऱ्यांत ते उलट्या करत गेले आणि उलट्या करत परत आले, आणि त्यानंतर त्यांनी समुद्राचं नाव घेतलं नाही.

नबीला तीन वर्षांची असताना अब्दुर्रहमान जहाजावर गेला. पत्रं येत. रशिदा उर्दूत उत्तर लिही, पाकीट बंद करी आणि जेठाकडे देई. पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालायचा असे, आणि ते काम भाईजानच करत.

शेवटचं पत्र काडिझहून आलं. जहाज दुरुस्तीला लागलं होतं आणि सगळ्यांना गावातल्या एका खाणावळीत ठेवलं होतं. खाणावळीच्याच छापील कागदावर त्यानं लिहिलं होतं, इथल्या गल्ल्या आपल्या निजामपुऱ्यासारख्या आहेत, समोरासमोरच्या गच्च्यांतून बायका बोलतात. फक्त गल्लीच्या दोन्ही टोकांना समुद्र दिसतो आणि लूमचा आवाज नाही. इथं जवळ्याची भजी करतात, बेसनातच, पण मिरची घालायची अक्कल नाही.

त्यानंतर दोन महिने पत्र आलं नाही. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात फकिरमहमद मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. वर आले ते चपला न काढताच बसले. म्हणाले, "अब्दुर्रहमान काडिझला उतरला. जहाज सोडलं त्यानं."

उतरला म्हणजे काय, ते त्या गल्लीत कोणाला समजवावं लागत नसे. एकजण असाच हॉलंडला उतरला होता, एकजण ब्राझीलला. काही वर्षांनी त्यांचे फोटो येत, गोऱ्या बायकोबरोबर काढलेले. म्हणून कोणी जास्त विचारलं नाही. रशिदानं विचारलं, पण तेही एकदाच, आणि भाईजान म्हणाले, खबर काही नाही.

पंचविसाव्या वर्षी ती अशी मधल्या मध्ये राहिली. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, म्हणून विधवा नव्हे. पण लग्नघरात नवरीला मेंदी लावायची वेळ आली की बायका तिच्या अंगावरून हात पुढं करून दुसरीला बोलवत. कोणी मुद्दाम करत नसे. तिच्याकडे न बघता करत. पुढं पुढं ती आपणच मागं बसू लागली. दिवसा लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, दुपारी गल्लीतल्या पोरींना कुराणाचे सिपारे शिकवायचे, संध्याकाळी हाजराबीबरोबर स्वयंपाक. आयुष्य म्हणून सांगण्यासारखं एवढंच.

चार वर्षांनी तिचा भाऊ कल्याणहून आला. मुंब्र्याचा एक विधुर शिक्षक, वय पस्तीस, नबीलासकट करायला तयार. गेलेल्या माणसाची एवढी वाट बघितली की निकाह मोडून मिळतो, असं त्यानं मौलवींना विचारून ठेवलं होतं. रशिदा दारामागं उभी होती. आत फकिरमहमद होते, हाजराबी होती. तिनं हाजराबीकडून विचारवलं, भाईजानना विचारा, काही खबर आहे का. भाईजान म्हणाले, "खबर काही नाही." मग ती म्हणाली, तो जिता असेल आणि उद्या दारात उभा राहिला, तर मी काय सांगू? भाऊ चहा घेऊन परत गेला. त्या शिक्षकानं पुढं शहापूरची मुलगी केली.

रशिदानं नवऱ्याला मनात म्हातारा केला. त्याला एक स्पॅनिश बायको दिली, आधी गोरी आणि बारीक, मग तिला जाड केली. दोन मुलं दिली, एक मुलगा आणि एक मुलगी, त्यांना नावं ठेवली, शाळेत घातलं. कांड्या भरता भरता ती त्याच्याशी भांडे. सुरुवातीला भांडायला पुष्कळ होतं. नबीलाला टायफॉइड झाला तेव्हा तू कुठं होतास, तिच्या लग्नात तुझ्या जागी कोण बसलं. वर्षं गेली तसं ते सगळं गळून गेलं आणि एकच वाक्य राहिलं. भेटला तर एवढंच विचारायचं होतं : माझं चुकलं काय, ते सांग.

ते वाक्य घेऊन ती ऑक्टोबरात काडिझला पोचली.

नबीलाचं घर गावाच्या नव्या भागात होतं. डॉक्टरनं तिला रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून मायलेकी सकाळी बसनं जुन्या गावाच्या वेशीपर्यंत जात आणि तिथून पायी आत शिरत. हे जुनं गाव तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेलं. गल्ल्या अरुंद आणि सरळ, वर लोखंडी कठड्यांच्या गच्च्या, त्यांवर वाळत घातलेल्या चादरी. काही कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या गाडलेल्या होत्या. पूर्वी घोडागाड्यांची चाकं भिंतींना घासू नयेत म्हणून, असं नबीलानं कुठं तरी वाचलं होतं. बायका सकाळी उंबरे पुसत आणि बादलीतलं पाणी गल्लीत ओतत. फिनेल आणि तळलेले मासे यांचा एकत्र वास येई. आणि कुठल्याही गल्लीत मान वळवली की टोकाला समुद्राची एक निळी पट्टी.

रशिदानं हे गाव इतकी वर्षं मनात घाणेरडं करून ठेवलं होतं. दारूचे अड्डे, रंग फासलेल्या बाया. प्रत्यक्षात बाजारात फुलांची दुकानं होती आणि म्हाताऱ्या बायका मासेवालीशी भाव करत होत्या, माशाचा कल्ला उचलून बघत, अगदी तिच्यासारख्याच. असल्या गावात एखाद्या माणसाचा पाय अडकला तर नवल काय, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

पन्नाशीचा, सावळा, जरा खांद्यात वाकलेला प्रत्येक माणूस ती बघे. असे पुष्कळ होते, कोळ्यांचंच गाव ते. दोनदा ती कोणाच्या तरी मागं वळणापर्यंत गेली. नबीला पोटावर हात ठेवून मागून हळूहळू येई.

"भेटला तर मी काय म्हणू गं त्याला?" एकदा बाकावर बसल्यावर नबीलानं विचारलं.

"अब्बा म्हण. दुसरं काय म्हणणार?"

"मला त्याचा चेहरापण आठवत नाही."

"त्यालाही तुझा आठवत नसेल," रशिदा म्हणाली. मग तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. ती पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागली.

खाणावळीचा पत्ता त्या छापील कागदावर होता, पण ती केव्हाच बंद झाली होती आणि त्या नंबरच्या घरात आता दातांचा डॉक्टर बसत होता. मग त्यांनी एकेक गल्ली धरली. नबीला वर्गात जाऊन स्पॅनिश शिकत होती. तेवढ्या भांडवलावर ती न्हाव्याला विचारी, किराणावाल्याला विचारी, चर्चच्या दारात झाडणाऱ्याला विचारी. हिंदुस्थानातला माणूस, जहाजावरचा, अब्दुर्रहमान. लोक काम थांबवून, नीट विचार करून नाही म्हणत. एकानं त्यांना एका सिंधी माणसाच्या दुकानात धाडलं. तो म्हणाला, मैं तो पंचानवे में आया, बहनजी, आणि चहा पाजून अर्धा तास आपला मुलगा दुकानात कसा बसत नाही ते सांगत राहिला.

सहाव्या दिवशी दोघी कोळीवाड्यातल्या एका छोट्या तळणाच्या दुकानात बसल्या. नबीलाला भूक आवरत नव्हती. कढईतून काढून कागदावर जे समोर आलं, ते बघून रशिदा थबकली. जवळ्याची भजी. पातळ, जाळीदार, बारीक बारीक डोळे दिसणारी. तिनं एक तुकडा खाल्ला.

"कांदा जास्त आहे," ती म्हणाली.

कढईपाशी सून होती. सासू, सत्तरीची, दाराशी खुर्ची टाकून बसली होती. नबीलानं तिला नेहमीचा प्रश्न विचारला. म्हातारी म्हणाली, अब्दुर्रहमान नाही. पण ती खाणावळ माझ्या नणंदेची, मी तिथं वाढायला जात असे. एकदा हिंदुस्थानी लोक आले होते, दहाबारा, तीन महिने होते. मग ती बोलत राहिली आणि नबीला भाषांतर करायची थांबली.

"काय म्हणते?"

"दुसऱ्याच कुणाचं सांगतेय, अम्मी."

"कुणाचं?"

नबीलानं भज्यांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "फकिरमहमद म्हणून होता, म्हणते. आजारी पडला. बाकीचे जहाजावर गेले, तो इथं दवाखान्यात राहिला. छातीत पाणी झालं होतं. तीन आठवड्यांनी वारला."

रशिदाला खरंच हसू आलं. "तुझे बडे अब्बा? ते कशाला येतात इकडं? त्यांना कशेळीच्या पुलावरून खाडी बघितली तरी मळमळतं." मग ती म्हणाली, "नाव तेच असेल. नावाला काय."

म्हातारीला त्या दोघींचं काही कळत नव्हतं. तिला वाटलं, यांना माणूस पटत नाही. म्हणून तिनं सांगितलं की तो मला भज्यात मिरची घालायला शिकवत होता, आणि मग आपला डावा हात वर करून तिनं करंगळी मधोमध दुमडली.

रशिदा तिथंच उंबऱ्यावर बसली. सून आतून पाणी घेऊन आली. नबीलाला कळेना, आईला धरावं की स्वतःला.

दुसऱ्या दिवशी शादाबनं रजा काढली आणि तिघं नगरपालिकेच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईनं जुनं रजिस्टर काढलं. फकिरमहमद इस्माईल. वय चौतीस. खलाशी. गाव भिवंडी, मुंबई. तारीख चौदा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याऐंशी. कोणी नातेवाईक आलं नाही, म्हणून गावानंच मूठमाती दिली होती. मूठमाती तरी कसली, तिथल्या रीतीप्रमाणं भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं होतं, एकावर एक पाच कप्पे असतात तसल्या. दहा वर्षांची मुदत संपल्यावर कप्पा रिकामा करून हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात गेली. ते कब्रस्तानसुद्धा आता बंद झालं होतं. बाईनं उताऱ्यावर शिक्का मारून दिला आणि उठून उभी राहिली. रशिदाला ते बरं वाटलं. एकोणीस वर्षांत त्याच्यासाठी कोणी तरी पहिल्यांदा उभं राहिलं होतं.

घरी येऊन ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. अब्दुर्रहमान गेला याचं रडू लगेच आलं नाही. त्याच्याशी ती कालपर्यंत भांडत होती. एकाएकी थांबायचं कसं ते तिला जमेना. आधी आठवली ती दोन मुलं, तिनं नावं ठेवून वाढवलेली. मुलगा आता सतरा वर्षांचा झाला असता. ती कोणीच नव्हती. त्या जाड बाईला तिनं किती शिव्या दिल्या होत्या, तीही नव्हती. होता तो फक्त एक माणूस, अनोळखी लोकांत छातीत पाणी होऊन पडलेला, आणि त्याला हाक मारणारे त्याच्या भावाच्या नावानं हाक मारत होते.

चुकलं काय हे विचारायचं होतं. चुकलं काहीच नव्हतं.

नबीलाला मुलगी झाली. रशिदानं चाळीस दिवस सगळं केलं. शेक, मालीश, हळीव. लेकीनं दोनदा विषय काढला, बडे अब्बांना फोनवर विचारू का म्हणून. रशिदा नको म्हणाली. समोर विचारायचंय, म्हणाली.

जानेवारीत फकिरमहमद टॅक्सी करून विमानतळावर आले. या तीन महिन्यांत ते बारीक झाले होते. त्यांनी बाळाचं विचारलं, वजन विचारलं, आणखी काही विचारलं नाही. कशेळीला कंटेनरांच्या रांगेत टॅक्सी पाऊण तास अडकली. पुढं ड्रायव्हर होता, म्हणून रशिदा बोलली नाही. ते सारखे तिच्या पर्सकडे बघत होते.

घरी चहा झाला. मग तिनं उतारा काढून त्यांच्या हातात दिला. स्पॅनिश त्यांना येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्याही भाषेत माणसाला वाचता येतं. त्यांनी चष्मा काढला.

जे होतं ते त्यांनी सांगितलं. जहाजावर चढायला लागतं ते खलाशाचं पुस्तक नव्यानं मिळायला तेव्हा दोन-दोन, तीन-तीन वर्षं लागत. अब्दुर्रहमानला धीर नव्हता. मोठ्या भावाचं पुस्तक आणि पासपोर्ट कपाटात पडून होते, दोघांची चेहरेपट्टी सारखी, दाढीही सारखी. गल्लीतली आणखी काही मुलं अशीच चुलत्याच्या, मामाच्या कागदांवर गेली होती आणि परतही आली होती. दोघांच्या आईला, अम्मांना, माहीत होतं, आणखी कोणाला नाही. मग मुंबईच्या ऑफिसात फकिरमहमद इस्माईल वारल्याचं पत्र फकिरमहमद इस्माईलच्याच हातात पडलं. खरं सांगावं तर दुसऱ्याच्या कागदांवर माणूस पाठवल्याचा गुन्हा. तुरुंगात गेलो तर लूम कोण बघणार, घरातल्या दोन बायका आणि पोरं कोण सांभाळणार. म्हणून ना सामान मागितलं, ना मैयत मागितली. आधी वाटलं, वर्षभर थांबू आणि मग सांगू. वर्षानं वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, वर्षभर का नाही सांगितलं.

"म्हणून पासपोर्ट काढला नाय," हाजराबी म्हणाली. तिला आत्ताच सगळं कळत होतं. "म्हणून हज नाय."

फकिरमहमद रडत होते. खाली लूम चालू असल्यामुळे ते फक्त दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. म्हणाले, मी तुला काही कमी पडू दिलं नाही, रशिदा. नबीलात आणि माझ्या पोरांत फरक केला नाही.

"नाही केलात," ती म्हणाली. "पण मुंब्र्याचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात. मी खबर विचारली होती, भाईजान. तो मेलाय एवढं म्हणाला असतात तर पुरे होतं. कसा, कुठं, कोणाच्या नावानं, मी विचारलंही नसतं."

हाजराबी उठून तिच्याजवळ येऊन बसली, नवऱ्यापासून लांब.

तीन दिवस घर तसंच राहिलं. फकिरमहमद गल्लीतल्या मौलानांकडे जाऊन आले. आता खबर आलीय, भाऊ पूर्वीच वारलाय, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी सगळी जेवायला बसली तेव्हा त्यांनी मौलानांचं म्हणणं सांगितलं. नवऱ्यामागं बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं, दागिना नाही, सुरमा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ही इद्दत खरी. पण ती मरणाच्या दिवसापासून मोजतात. ते दिवस एकोणीस वर्षांपूर्वीच सरले, रशिदावर आता काही बाकी नाही. घरातच चार माणसं बोलावून कुराणखानी करू, फकिरमहमद म्हणाले. मैयत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते, आपल्या कोकण्यांत चालतं. पण ते कशाला, लोक तारीख विचारतील, कागद विचारतील. तू इद्दतीला बसलीस तर अख्खी गल्ली पुरशाला, दुखवट्याचं भेटायला येईल, आणि येणारी प्रत्येक बाई विचारेल, कधी वारला. झालं ते झालं. माझं वय बघ.

हाजराबी म्हणाली, मौलाना नाय म्हणतात तर राहू दे गं, तुझ्याच जिवाला त्रास.

रशिदानं हात धुतला. गळ्यातली पोत काढून तिनं हाजराबीच्या पुढ्यात ठेवली.

"ते दिवस मी बसले नाही. मला कोणी बसवलं नाही," ती म्हणाली. "उद्या जुम्मा आहे. मशिदीत जनाज्याची नमाज सांगा, अब्दुर्रहमान इस्माईल या नावानं. मी आजपासून मागच्या खोलीत इद्दतीला बसते, चार महिने दहा दिवस. भाईजान, तुम्ही तेवढे दिवस त्या बाजूला यायचं नाही. बायका विचारतील त्यांना मी तारीख सांगणार आहे."